पाणी उतरताना मासा कुठे जातो? हिडकल जलाशय आणि भोवतालच्या नद्यांतील चैत्र-वैशाखाची मासेमारी

होळी झाली की बेळगाव, हुक्केरी, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यातल्या आठवडी बाजारांत गोड्या पाण्यातला मासा नजरेत भरण्याइतका वाढतो. कटला, रोहू, चिलापी, मधूनच एखादी मरळ किंवा वांब अशा बुट्ट्या ओळीने मांडलेल्या असतात आणि यंदा धरणात मासा चांगला झाला आहे, असे घेणारा आणि विकणारा दोघेही म्हणतात. जाळ्याला मासा जास्त लागतो, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. धरणात मासा जास्त झाला आहे, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. चैत्र-वैशाखात मासे असतात तेवढेच असतात आणि त्यांच्याभोवतीचे पाणी घटत जाते. या ऋतूत मासा कुठे मिळेल, कोणत्या वेळी मिळेल, काही दिवस तो आमिषाकडे ढुंकूनही का पाहत नाही आणि एखाद्या सकाळी तो ढिगांनी मरून काठाला का लागतो, या जवळजवळ सगळ्या प्रश्नांची उत्तरे या उतरत्या पाण्यापाशी येऊन थांबतात.

मासेमारीवरचे बरेचसे लेखन थंड देशांतून आलेले असल्यामुळे येथे एक खुलासा आधीच करायला हवा. तिकडची मोठी तळी हिवाळ्यात गोठतात. वसंतात बर्फ वितळते, पाणी हळूहळू तापते आणि हिवाळाभर सुस्त पडलेला मासा उथळ, उबदार काठाकडे येऊन खाऊ लागतो. तेथे वसंत म्हणजे माशाला जाग येण्याचा काळ. आपल्याकडे मासा कधी झोपलेलाच नसतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत त्याची भूक थोडी मंदावते, एवढेच. त्यामुळे वसंतात कोवळे ऊन शोधत उथळ पाण्यात बसावे हा तिकडचा सल्ला हिडकलच्या काठावर फार तर सकाळी लागू पडतो, आणि वैशाखातल्या दुपारी तर अगदी उलटा ठरतो.

परातीतले पाणी

हिडकलचा जलाशय म्हणजे घटप्रभेवरच्या राजा लखमगौडा धरणाचे पाणी. धरण पूर्ण भरते तेव्हा पातळी २१७५ फुटांवर असते आणि साठा ५१ टीएमसी (अब्ज घनफूट) होतो. चंदगडच्या डोंगरांत पडणारा पाऊस घटप्रभा आणि ताम्रपर्णी या नद्यांतून येथे उतरतो, म्हणून बेळगाव शहरात नुसती रिपरिप असली तरी हिडकल झपाट्याने भरू शकते. पावसाळा सरल्यावर येणे जवळजवळ थांबते आणि जाणे सुरू होते: कालव्यांना पाणी, पिण्याला पाणी, आणि उन्हाने जे उडून जाते ते. उन्हाळ्यात पातळी इतकी खाली जाते की एरवी पाण्यात बुडालेले हुन्नूरचे विठ्ठल मंदिर उघडे पडते आणि लोक चालत जाऊन दर्शन घेतात. हे मंदिर मासेमारांसाठीही चांगली खूण आहे. त्याच्या भिंतींना पाणी कुठवर लागले आहे, हे पाहिले की जलाशय किती आकसला आहे, याचा अंदाज आकडा न विचारता येतो.

जलाशयाचा आकार घमेल्यापेक्षा परातीसारखा असतो, हे येथे लक्षात घ्यावे लागते. नदीचा मूळ प्रवाह ज्या खोल दरीतून जात होता ती दरी मधोमध, आणि तिच्या दोन्ही बाजूंना पसरलेली उथळ शेते. वरचे काही फूट पाणी उतरले की ही पसरट कडा आधी कोरडी पडते, म्हणजे साठा जितका घटतो त्याच्यापेक्षा पाण्याचा पसारा अधिक डोळ्यांत भरेल असा घटतो. समजा, भरलेल्या जलाशयात एका जाळ्याच्या वाटेवर दिवसाला दहा मासे येत होते. पाण्याचा पसारा तिसऱ्या हिश्श्यावर आला आणि मासे तेवढेच राहिले, तर त्याच जाळ्यावर तीस मासे येऊ लागतील. जाळ्याला संख्या कळत नाही, त्याला फक्त दाटी कळते. म्हणून चैत्रातल्या भरघोस जाळ्यावरून जलाशयातल्या एकूण माशांचा अंदाज बांधला, तर तो हमखास वाढीव निघतो, आणि त्या अंदाजावर विसंबून जाळी वाढवली की पुढच्या वर्षीची तूट आदल्या वर्षाच्या सुगीतच तयार होते.

पाणी उतरल्यावर काठाने चालत गेले, तर ही गोष्ट पायाखालीच दिसते. नुकत्याच उघड्या पडलेल्या, अजून भेगा न गेलेल्या गाळावर ताटाएवढे गोल खड्डे एकाला एक लागून असतात. एखाद्या बाईने अंगणात ओळीने ताटे मांडून उचलावीत आणि त्यांचे ठसे राहावेत, तसे. ही चिलापीची घरटी. काही जण या माशाला जिलेबीही म्हणतात. नर शेपटीने आणि तोंडाने गाळ उकरून ही बशी तयार करतो, मादी तेथे अंडी घालते आणि लगेच ती तोंडात घेऊन पिले निघेपर्यंत सांभाळते. अंडी आईच्या तोंडात असल्यामुळे घरटे कोरडे पडले तरी चिलापीचे फारसे बिघडत नाही. ती आणखी आत सरकून नवे घरटे करते. आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला आणि पुढे एवढा पसरला, त्यामागे ही सवय आहे. सायप्रिनसचे (कॉमन कार्पचे) मात्र तसे नाही. त्याचा एक विणीचा हंगाम साधारण जानेवारी ते मार्च असा असतो, त्याची चिकट अंडी उथळ पाण्यातल्या गवताला आणि पानांना चिकटतात, आणि त्या आठवड्यात पाणी दोन फूट उतरले तर ती गवतासकट उन्हात वाळतात. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये काठच्या गवतात सळसळणारे जाडजूड सायप्रिनस दिसले आणि ते पकडायला सोपे वाटले, तरी त्यांना त्या वेळी सोडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उघड्या पडलेल्या या जमिनीवर बऱ्याच ठिकाणी गाळपेर, म्हणजे ओल्या गाळातच पेरणी, होते. खताचा आणि फवारणीच्या औषधांचा काही अंश वळवाच्या पावसासोबत थेट जलाशयात उतरतो, आणि तेथून पुढचा विषय प्राणवायूचा आहे.

ऊन, पाणी आणि प्राणवायू

मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतो, हे आपण शाळेत शिकतो. पाणी जसे तापते तसा त्यात कमी प्राणवायू मावतो, हे तितकेसे लक्षात राहत नाही. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दर लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. हिडकल समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरहून उंच असल्यामुळे हवेचा दाब थोडा कमी आणि म्हणून हा आकडाही आणखी थोडा खाली, सातच्या घरात, येतो. दुसरीकडे, पाणी तापले की माशाच्या शरीरातले व्यवहार वेगाने चालतात आणि त्याला प्राणवायू अधिक लागतो. ढोबळ मानाने तापमान १० अंशांनी वाढले तर ही गरज दुप्पट होते. एका बाजूने पुरवठा आटतो आणि दुसऱ्या बाजूने मागणी वाढते. वैशाखातल्या माशाची सगळी चाल या ओढाताणीतून ठरते. प्राणवायू लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तोवर कटला, रोहू, सायप्रिनस असे कार्प जातीचे मासे नीट खातात. ३ च्या खाली गेला की ते खाणे सोडून फक्त श्वास घेण्याच्या मागे लागतात. अशा वेळी पेंडीचा गोळा कितीही वासाचा केला तरी उपयोग नसतो. दोष आमिषाचा नसतो.

यात भर म्हणून पाण्याचे थर पडतात. वरचे तापलेले पाणी हलके होते आणि खालच्या थंड, जड पाण्यावर तरंगत राहते. तापमानात दोन-चार अंशांचा फरक असताना असे काय होणार, असे वाटू शकते. परंतु पाण्याची घनता सगळीकडे सारख्या वेगाने बदलत नाही. ५ आणि १० अंशांच्या पाण्यात घनतेचा जेवढा फरक असतो, त्याच्या जवळजवळ पाचपट फरक २५ आणि ३० अंशांच्या पाण्यात असतो. म्हणून आपल्या उन्हाळ्यात थोड्याशा फरकानेही वरचे पाणी वर आणि खालचे खाली अशी फारकत होते. खालच्या थराला हवा लागत नाही, प्रकाश पोहोचत नाही आणि तळाचा पालापाचोळा कुजताना तेथला प्राणवायू संपत जातो. सुदैवाने हिडकलसारख्या धरणांत ही फारकत महिनोन्‌महिने टिकत नाही. वारा वरून पाणी घुसळतो आणि धरणाचे दरवाजे खालचे पाणी ओढून घेतात. तरीही वारा पडलेल्या चार-पाच दिवसांत ती खोल भागात तयार होते आणि मासा मधल्या पट्ट्यात दाटतो: वर ऊन, खाली गुदमर.

हे स्वतः पाहायचे असेल तर फारसा खर्च नाही. साधा तापमापक सुतळीला बांधून आधी वर आणि मग दहा-बारा फुटांवर दोन मिनिटे ठेवून झटकन ओढून पाहावा. सकाळी दोन्हीकडे सारखे तापमान आणि दुपारी तीन-चार अंशांचा फरक, असे मिळाले तर थर रोज मोडत आहे. सकाळीही फरक राहिला, तर तळाशी जाळे किंवा गळ सोडून वेळ दवडू नये. दुसरी चाचणी स्टीलच्या पांढुरक्या ताटलीची. ती दोरीने सरळ खाली सोडायची आणि दिसेनाशी होते ती खोली मोजायची. एक-दीड फुटापासून दोन फुटांपर्यंत दिसली तर पाण्यात माशांना पुरेसे सूक्ष्म खाद्य आहे. जेमतेम वीतभर खोलीवर हिरवटपणात हरवली, तर शेवाळ प्रमाणाबाहेर वाढलेले आहे. गाळाने गढूळ झालेल्या पाण्याला ही कसोटी लागू नाही, कारण तेथे ताटली मातीमुळे हरवते.

शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करते आणि रात्री तोच वापरते. त्यामुळे दुपारी चार वाजता भरपूर प्राणवायू असलेले हिरवे पाणी पहाटे चार-पाचला रिकामे झालेले असू शकते. गढुळलेल्या हिरव्या खाडीत पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात, ती भूक नसते; ते धापा टाकत असतात. मरळ मात्र अशा पाण्यात निवांत असते, कारण तिला थेट हवेतून श्वास घेता येतो, आणि केंदाळाने भरलेल्या, इतर मासे सोडून गेलेल्या कोपऱ्यात ती मिळते ती यामुळेच.

दिवसाची वेळ आणि पश्चिमेचा वारा

एप्रिलमध्ये बेळगाव परिसरात दुपारचे तापमान ३५-३६ अंशांपर्यंत जाते आणि दुपार कलली की घाटाकडून समुद्राचा गार वारा येऊ लागतो. बेळगावकरांना या वाऱ्याचे कौतुक अंगणात बसण्यासाठी असते. जलाशयात त्याचे काम त्याहून मोठे आहे. हिडकलचे पाणी पश्चिमेकडून पूर्वेकडे पसरलेले आहे आणि वारा नेमका त्याच दिशेने वाहतो. तो वरचे कोमट पाणी आणि त्यात तरंगणारे सूक्ष्म जीव पूर्वेच्या काठांकडे ढकलतो, लाटा काठावर आपटून पाण्यात हवा मिसळतात आणि कटल्यासारखा वरच्या थरात खाणारा मासा त्या खाद्यामागे येतो. म्हणून संध्याकाळी वारा ज्याच्या तोंडावर येतो, तो काठ धरावा. पाठीवर वारा घेऊन बसणे आरामाचे असते, पण गळ टाकायला सोपा म्हणून निवडलेला तो शांत काठ बहुधा रिकामाच असतो. प्रत्यक्ष धरणाच्या भिंतीजवळ आणि दरवाज्यांपाशी जाण्याला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे.

याच वाऱ्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. येथले मासेमार वाटोळ्या, बुट्टीसारख्या नावेतून जाळी टाकतात. कानडीत तिला हरिगोलु किंवा तेप्प म्हणतात. स्थिर पाण्यात ती फार सोयीची असते. मात्र तिला नाक नसल्यामुळे वाऱ्यात ती गोल फिरत वाहवत जाते. जाणती माणसे संध्याकाळी वारा पडता पडता जाळी लावून येतात आणि उजाडताच काढतात. मी एकदा पाच्छापूरच्या बाजूला पहाटे असे जाळे निघताना पाहिले. वल्हे मांडीखाली दाबून तो माणूस दोन्ही हातांनी तंगूस (नायलॉनचे जाळे) वर घेत होता आणि प्रत्येक मासा सोडवण्याआधी जाळ्यावरची त्याची जागा बघत होता. कटले वरच्या दोरीजवळ, रोहू मधोमध, आणि तळाच्या बाजूला मृगळ जवळजवळ नव्हतेच. त्याने सहज सांगितले की आठ दिवस झाले, खालचा मासा लागत नाही, खाली पाणी बरोबर नाही. वर दिलेली तापमापकाची सगळी चर्चा त्या वाक्यात होती. कटला वर, रोहू मध्ये, मृगळ तळाला ही त्यांची खाण्याची नेहमीची वाटणी आहे, आणि जाळ्याचा एक थर रिकामा निघू लागला की जलाशयाच्या त्या थरात काही तरी बिनसले आहे असे समजावे.

गळाने मासे धरणाऱ्यांसाठी चैत्रातला सर्वांत चांगला काळ उजाडल्यानंतरचे दोन-अडीच तास. अगदी पहाटेचा नव्हे. सूर्य थोडा वर येऊन शेवाळाचे काम सुरू झाल्यावरचा. दुसरा काळ वारा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंत. भर दुपारी काठावर बसणे म्हणजे उन्हाची हौस. शिंगाळा, वडशिवडा आणि वांब हे मासे रात्री फिरतात, त्यामुळे गांडुळाचा गळ रात्री तळाशी सोडणारे त्यांच्या मागे असतात. पण उतरलेल्या जलाशयात रात्री अनोळखी काठाने चालू नये, असे मी आग्रहाने सांगतो. वरून वाळलेला दिसणारा गाळ खाली मांडीभर ओला असतो आणि बुडालेल्या गावठाणांतल्या जुन्या विहिरी, चर, पडक्या भिंती याच दिवसांत काठाच्या उथळ पाण्यात आलेल्या असतात.

नद्या: डोह, बंधारे आणि बरगे

जलाशयाचे नियम नद्यांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. हिरण्यकेशी, वेदगंगा, दूधगंगा आणि चिकोडी, रायबाग, अथणी तालुक्यांतली कृष्णा या नद्या चैत्रात सलग वाहत नाहीत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी त्यांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा म्हणजे एक लांबट तळे असते. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातलेले असतील तोवर पाणी स्थिर. वरच्या धरणातून आवर्तन (पाळीचे पाणी) सुटले किंवा बरगे काढले की एका रात्रीत तेच पाणी नदी होते. सीमाभागातील गुंतागुंत अशी की दूधगंगेचे काळम्मावाडी आणि वेदगंगेचे पाटगाव ही धरणे महाराष्ट्रात आहेत आणि त्यांच्या पाण्यावर चालणाऱ्या खालच्या नद्या निपाणी-चिकोडीत. कृष्णेचे पात्र कोरडे पडले की कोयनेतून पाणी सोडावे म्हणून कर्नाटकाकडून महाराष्ट्राला विनंती होते, हेही दर उन्हाळ्यातले परिचित चित्र आहे. पाण्याचा निर्णय एका राज्यात होतो आणि माशाची हालचाल दुसऱ्यात दिसते. म्हणून आपल्या गावच्या मासेमारीचा अंदाज घेणाऱ्याने आवर्तनाची बातमी वाचलीच पाहिजे.

पाणी सुटल्यावर पहिला दिवस मासा अस्वस्थ असतो, फारसा खात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, जेथे पाणी पडून फेस होतो, तेथे तो गोळा होतो, कारण त्या फेसात हवा मिसळलेली असते आणि वरून वाहत आलेले खाद्यही तेथेच फिरत राहते. उन्हाळ्यात नदीवर एकच जागा निवडायची असेल, तर ती ही. मात्र पाणी अचानक वाढू शकते, त्यामुळे पात्राच्या मधल्या खडकावर बसू नये.

या नद्यांचे खरे दुखणे वेगळे आहे. दोन्ही काठांना ऊस आहे, गाळप हंगाम साधारण मार्चपर्यंत चालतो, आणि मळीमिश्रित पाणी पात्रात आले की त्यातला सेंद्रिय भाग कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू काही तासांत फस्त करतात. वाहत्या नदीत हा घाव काही अंशी भरून निघतो. चैत्रात नदी थांबलेली असते, डोह उथळ असतो, पाणी तापलेले असते आणि त्यात प्राणवायू आधीच कमी असतो. जानेवारीत माशांना जेवढे सांडपाणी कसेबसे सहन झाले असते, तेवढेच एप्रिलमध्ये सगळा डोह मारून टाकते. मासे मेल्याची बातमी येते तेव्हा विष कोणी टाकले, असा प्रश्न विचारला जातो. अनेकदा विषाची गरजच पडलेली नसते. ते मासे गुदमरलेले असतात. लहान-मोठे सगळे एकदम, पहाटे, तोंड उघडे ठेवून मेलेले आणि मरळी मात्र जिवंत, अशी परिस्थिती दिसली तर संशय प्राणवायूवर धरावा आणि त्याच सकाळी पाण्याचा नमुना घ्यायला लावावा, कारण ऊन चढले की शेवाळ पुन्हा प्राणवायू सोडू लागते आणि दुपारच्या नमुन्यात पाणी निर्दोष ठरू शकते.

डोहांबद्दल आणखी एक गोष्ट. पाणी आटून मासा एका डोहात कोंडला की काही ठिकाणी जिलेटिनचा बार उडवतात, ब्लिचिंग पावडर टाकतात किंवा विजेची तार सोडतात. स्फोट आणि विष यांनी मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून गुन्हा आहे. बाराने माशाचा आतला वायुकोश फुटतो, त्यामुळे मेलेल्यांपैकी बरेच मासे वर न येता तळाला जातात; हाती येते त्याहून अधिक वाया जाते. आणि उन्हाळ्यातला डोह म्हणजे त्या नदीचे उरलेले सगळे बियाणे असते. खडशीसारखा अस्सल दख्खनी मासा अशा डोहांच्या आधारावरच उन्हाळा काढतो. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले तेव्हा त्याचे मराठी नाव तसेच उचलून त्याला खुद्री म्हटले, आणि जगभरातल्या ग्रंथांत तो आजही टॉर खुद्री आहे. खानापूरच्या जंगलातल्या ओढ्यांचे स्वच्छ, खडकाळ डोह त्याला मानवतात. त्यांपैकी भीमगड अभयारण्यात येणारे डोह आणि गोकाकजवळ धुपदाळच्या बंधाऱ्यामागचे घटप्रभा पक्षी अभयारण्य येथे गळ घेऊन जाऊ नये.

वळीव येतो तेव्हा

एप्रिल-मेच्या दुपारी ढग दाटून येतात आणि अर्ध्या तासात वळीव कोसळतो. वळवाआधी मासा जोरात खातो, असे सर्वत्र मानले जाते आणि त्याचे कारण म्हणून हवेचा दाब सांगितला जातो. दाबाचे हे कारण मला पटत नाही. वादळाआधी दाब तीन-चार हेक्टोपास्कलने घटतो आणि पाण्याच्या भाषेत हा फरक तीन-चार सेंटीमीटर खोलीइतका होतो. मासा बोटभर वर सरकला तरी त्याला तेवढा फरक जाणवतो. ढगांनी प्रकाश कमी होणे, वाऱ्याने पाणी ढवळणे आणि काठचे किडे पाण्यात पडणे ही कारणे अधिक साधी आहेत आणि ती पुरेशी वाटतात. परंतु हाच काळ विजा पडण्याचाही असतो. उघड्या पाण्यावर, ओल्या काठावर, हातात लांब काडी घेऊन उभा असलेला माणूस त्या परिसरातली सर्वांत उंच वस्तू असतो. पहिला गडगडाट ऐकू आला की गळ गुंडाळावा.

वळीव जोराचा झाला, विशेषतः गारांचा, तर पुढचे दोन दिवस मासेमारी बिघडते. थंड पाणी वर पडते, जड होऊन खाली जाते आणि तळाचे प्राणवायू नसलेले पाणी वर येते. कधी त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. जोडीला रानातून आणि गटारांतून वाहून आलेला पहिला घाण लोंढा असतो. एवढा पाऊस पडून पाणी गार झाले, आता मासा खूश असेल, असे समजून लोक दुसऱ्या दिवशी सकाळी जातात आणि रिकाम्या हाताने परततात. तिसऱ्या दिवसापासून, थर मोडून पाणी वरपासून खालपर्यंत एकसारखे झाल्यावर, मृगळ पुन्हा तळाला लागतो आणि वैशाखातली सर्वांत चांगली मासेमारी तेव्हा होते.

गाभोळीचे दिवस

मे महिन्यात कापलेल्या रोहूच्या पोटात गाभोळी भरलेली असते, हे घरोघरी माहीत आहे. किलोभर वजनाच्या मादीत अंदाजे दोन ते तीन लाख अंडी असतात. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे. ते साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. पावसाचे नवे, वाहते, गढूळ पाणी अंगावर आले तरच त्यांची वीण होते. हीच अडचण ओळखून हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात संप्रेरकाची सुई टोचून या माशांची वीण घडवली, आणि आज हिडकलसारख्या जलाशयांत सोडली जाणारी बहुतेक बोटुकली (बोटाएवढी पिले) त्या तंत्रातून येते. देशी मासे मात्र नदीवरच अवलंबून आहेत. कोळशी, तांबीर, खडशी, शिंगाळा यांची बोटुकली कोणी गाडीने आणून मोठ्या प्रमाणावर सोडत नाही.

म्हणून वैशाख संपता संपता जाळ्याच्या आसाकडे, म्हणजे छिद्रांच्या मापाकडे, लक्ष द्यावे लागते. बारीक आसाचे जाळे बोटुकलीसकट सगळे ओढते, तर मोठ्या आसाच्या जाळ्यातून पहिल्यांदाच वीण करणारा मासा निसटून जातो. जलाशयात जाळे टाकायला मत्स्यखात्याचा परवाना लागतो आणि पावसाळ्यातल्या बंदीच्या तारखा त्या-त्या वर्षीच्या सूचनेत पाहून घ्याव्यात.

रोहिणीचा पाऊस झाला, मृग लागला आणि चंदगडच्या बाजूला ओढे वाहू लागले की हिडकलच्या पश्चिमेच्या टोकाला, घटप्रभा जलाशयात शिरते तेथे, लाल पाण्याची एक जीभ काळपट पाण्यात पुढे सरकताना दिसते. जलाशयभर पसरलेला मासा दोन-तीन दिवसांत त्या जिभेकडे तोंड करतो आणि प्रवाहाविरुद्ध वर निघतो. हेच चढणीचे मासे. ते उथळ पाण्यातून, पाठ उघडी टाकून, दगडांवरून उड्या घेत जातात, हातानेही धरता येतात, आणि त्या अरुंद तोंडावर आडवे जाळे लावले तर चैत्रात महिन्याभरात मिळाला नसता एवढा मासा एका रात्रीत मिळतो. त्यातली जवळजवळ प्रत्येक मादी अंडी घेऊन निघालेली असते. चैत्रभर हिडकलवर पोट असणारी जी माणसे मला भेटली, त्यांच्यापैकी बहुतेक जण लाल पाणी दिसले की तंगूस धुऊन, वाळवून, घरातल्या आढ्याला टांगतात आणि श्रावणापर्यंत ते काढत नाहीत.